फोनवरून शिक्षक प्रशिक्षण: बालाघाटातल्या एका केंद्राच्या नोंदी

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, धारूर-वडवणी भागातल्या एका केंद्रात, म्हणजे जवळपासच्या सरकारी शाळांच्या गटात, मी साधन व्यक्ती, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण आणि मदत देणारी, म्हणून काम करते. शिक्षकांना तालुक्याला न बोलावता फोनवरून शिकवता येतं का, हे बघताना ठेवलेल्या या नोंदी आहेत. केंद्राचं आणि शिक्षकांचं नाव कुठेही लिहायचं नाही असा शब्द दिलाय, तो पाळते. आपल्या केंद्रात कुणी असं काही करणार असेल तर पैसे आणि वेळ कुठे गेला ते आधीच कळावं, एवढ्यासाठी हे लिहिलंय.

२४ जून २०२४

केंद्रात चौदा शाळा. त्यातल्या अकरा द्विशिक्षकी: दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. तीन शाळा तांड्यांवर, चार वस्त्यांवर. सगळे मिळून एकतीस शिक्षक. तालुक्याला प्रशिक्षण लागलं की एक जण जातो आणि मागे राहिलेला चार वर्ग सांभाळतो. सांभाळतो म्हणजे मुलं एका खोलीत बसवतो आणि खिचडी वेळेवर शिजते का ते बघतो. दुसरं काही होणं शक्यच नसतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास प्रशिक्षण घ्यायचं आहे. एवढे तास सभागृहात बसवून द्यायचे तर अर्ध्या शाळा कितीतरी दिवस एका माणसावर चालवाव्या लागतील.

ऑनलाइन प्रशिक्षण कुणाला नवं नाही. लॉकडाऊनपासून सगळ्यांनी केलंय. व्हिडिओ लावायचा, फोन चार्जिंगला ठेवायचा, आपल्या कामाला लागायचं. शेवटच्या प्रश्नांची उत्तरं तोवर ग्रुपवर आलेली असतातच. त्यातलं वर्गात काय केलं असं विचारलं की माणसं हसतात. उलट २०१५ नंतर, ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या दिवसांत, म्हणजे शाळा सुधारण्याच्या राज्याच्या कार्यक्रमाच्या काळात, इथले काही जण जीप करून साताऱ्याच्या कुमठे बीटच्या (तिथल्या शाळांच्या गटाच्या) शाळा बघून आले होते. त्या वर्गांतल्या फरशीवर काय काय रंगवलं होतं ते अजून सांगतात. दुसऱ्याचा वर्ग बघितलेला राहतो. हे डोक्यात ठेवून सुरुवात करतेय.

विषय एकच धरला: तिसरीची हातच्याची वजाबाकी. निपुण भारत अभियानात (जुलै २०२१) तिसरीपर्यंतचं वाचन आणि गणित पक्कं करायचं लक्ष्य आहे, त्यामुळे वरूनही हरकत नव्हती. पण खरं कारण फळ्यावरचं. ४२ वजा १७ दिलं की निम्म्याहून जास्त पोरं ३५ लिहितात. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. वरून काढायचं की खालून याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही, मोठ्यातून लहान गेलं की झालं. शिक्षक ‘हातचा घ्या’ म्हणतात, पोरं दोनाच्या डोक्यावर इमानदारीत एक लिहितात आणि उत्तर तरीही ३५ येतं.

२ जुलै

फोनची मोजदाद केली. प्रत्येकाला विचारलं: फोन कोणता, मेमरी कार्ड बसतं का, शाळेत रेंज कुठे येते, घरी कुठे, आणि फोन रात्री कुणाच्या हातात असतो.

शेवटचा प्रश्न सहज घातला होता, तोच कामाला आला. स्मार्टफोन सगळ्यांकडे आहे. पण बऱ्याच बायकांचा फोन संध्याकाळी पोरांच्या अभ्यासाला जातो आणि साडेनऊच्या पुढे परत मिळतो. पुरुष शिक्षक सात-आठ वाजता मोकळे असतात. म्हणजे ‘संध्याकाळी सात वाजता सर्वांनी जॉइन व्हावे’ असा निरोप टाकला की निम्मं केंद्र तिथेच गळालं.

रेंजचं चित्र उलटं निघालं. चौदापैकी पाचच शाळांत नेट चालतं. बाकी ठिकाणी ‘पाण्याच्या टाकीपाशी’, ‘लिंबाखाली, पण वारं असलं तर नाही’ अशी उत्तरं. घरी मात्र जवळपास सगळ्यांना नेट चांगलं, कारण शिक्षक राहायला धारूर, वडवणी, माजलगावला आणि शाळेला अपडाऊन. शिक्षकांनी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहण्याचा विषय इथे काढत नाही. कामापुरतं एवढंच की प्रशिक्षणाचं साहित्य घरी फोनवर उतरवून घ्यायचं आणि शाळेत नेटशिवाय वापरायचं. शाळेच्या वेळेत थेट सत्र ठेवण्याचा बेत कागदावरच मोडला.

बावीस जण तयार झाले. सक्ती केली नाही.

६ जुलै

तांड्यावरच्या सरांच्या मदतीने सात मिनिटांचा व्हिडिओ केला. तुराटीच्या काड्या, दहा-दहाचे गठ्ठे, रबर, फळ्यावर ४२ - १७. दोन रविवार त्यात गेले. फोनला ट्रायपॉड म्हणून पाचशे रुपयांचा स्टँड आणला. फाइल झाली ऐंशी एमबीच्या पुढे. ग्रुपवर टाकली.

नेमका त्याच आठवड्यात रिचार्ज महाग झाला. ३-४ जुलैपासून खासगी कंपन्यांचे दर वाढले आणि जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा जो रिचार्ज २३९ ला यायचा तो २९९ ला गेला. रोजचा दीड जीबी घरातली पोरं दुपारीच संपवतात. रात्री मॅडमनी फोन हातात घेतला की गोल चक्र सुरू. ‘मॅडम, तुमचा व्हिडिओ नुसता फिरायलाय,’ असा आवाजी निरोप आला. ज्यांच्याकडे उतरला त्यांनी अंगठा दाखवला. अंगठा म्हणजे पाहिलं असं धरायचं नाही, हे कुणाही साधन व्यक्तीला सांगायची गरज नाही.

१५ जुलै

व्हिडिओ बंद, आवाज सुरू. ६४ केबीपीएसवर, मोनो, एक मिनिट साधारण अर्धा एमबी होतं. पाच मिनिटांचा तुकडा अडीच एमबीच्या आत बसतो. कुठल्याही कोपऱ्यात उतरतो. रेकॉर्डिंग आमच्या घरी, गोधडी डोक्यावर घेऊन केलं. पंखा बंद. असं केलं की आवाज घुमत नाही. स्टुडिओला पैसे घालू नका.

ऐकलं लोकांनी. भाकरी करता करता ऐकलं, गाडीवर मागे बसून ऐकलं. पण गणित कानाने शिकवता येत नाही. ‘आता चौथ्या गठ्ठ्याचं रबर काढा’ असं मी म्हणतेय आणि ऐकणाऱ्याच्या समोर परात. दोघी-तिघींनी सरळ सांगितलं की कुठला गठ्ठा, कुठल्या सुट्या, गोंधळ होतो.

मग आवाजासोबत एक पान जोडलं. वहीच्या पानावर हाताने काढलेली काड्यांची चित्रं, क्रमांक टाकून. त्याचा फोटो लहान करून दीडशे-दोनशे केबीचा. आवाजात ‘चित्र तीन बघा’ एवढंच. हे चाललं. यात नवं काही नाही. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून २४०० खेड्यांत टीव्ही पोचवला होता, आपल्या शेजारचा गुलबर्गा त्यात होता, आणि त्यावरून प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षणही दिलं गेलं. नुसत्या टीव्हीवर तेव्हाही भिस्त नव्हती; सोबत छापील साहित्य आणि करून बघायचे प्रयोग होते. पन्नास वर्षांनी आपण लिंक टाकून मोकळे होतो.

२७ जुलै

शिकले का ते बघायला दहा प्रश्नांचा फॉर्म केला. बावीसपैकी बावीस जणांना दहापैकी दहा. दोघांच्या उत्तरात स्पेलिंगची चूकसुद्धा एकच. फॉर्म कायमचा बंद.

त्याऐवजी वर्ग बघायला गेले. तांड्यावरची शाळा, तिसरी आणि चौथी एका खोलीत. बाईंनी काड्या आणल्या होत्या, गठ्ठे बांधले होते, पान टेबलावर उघडं होतं. म्हणजे साहित्य पोचलं होतं. फळ्यावर ४२ - १७. बाईंनी विचारलं, ‘दोनातून सात जातात का?’ पोरं एका सुरात ‘नाही’. ‘मग काय करायचं? हातचा घ्यायचा.’ प्रश्न आणि उत्तर एका श्वासात. त्यांनी स्वतःच गठ्ठा सोडला, स्वतःच काड्या मोजल्या, स्वतःच पंचवीस लिहिलं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. काड्यांना एकाही पोराचा हात लागला नाही.

वर्ग सुटल्यावर म्हणाल्या, ‘आज मुलांनी छान शोधून काढलं, नाही?’ त्या खोटं बोलत नव्हत्या. शिकवताना आपण काय बोलतो हे आपल्याला ऐकूच येत नाही. मला माझं विचारलं तर मीही असंच सांगेन.

परतीच्या रस्त्यावर घाटात डोक्यात एकच चाललेलं: इतके दिवस मी फोनमधून वर्गाकडे काहीतरी ढकलतेय. फोनने वर्गातलं काहीतरी बाहेर काढायला पाहिजे.

१० ऑगस्ट

ठरलं असं: प्रत्येकाने स्वतःच्या गणिताच्या तासातली दहा मिनिटं स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड करायची आणि घरी ऐकायची. फक्त आवाज.

सोबत मेमरी कार्डं घेतली. बांगलादेशात ‘इंग्लिश इन अ‍ॅक्शन’ या प्रकल्पाने २००८ पासून हेच केलं होतं. आधी महागडे आयपॉड दिले, नंतर साध्या फोनमध्ये कार्डावर भरलेले आवाज आणि व्हिडिओ, म्हणजे नेटचा प्रश्नच नको. आमच्याकडे १६ जीबीची कार्डं, एक साधारण पावणेतीनशेला. बावीस नाही, बारा आणली, कारण बाकीच्या फोनना कार्डाची खाचच नाही. नव्या फोनमधून ती गायब झालीय. कार्डांचे तीन हजार तीनशे गेले. कार्डाची खरी गरज वेगळ्याच कारणाने पडली: ५ ऑगस्टपासून ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’चा दुसरा टप्पा चालू आहे, आणि सगळ्यांचे फोन कुंड्या, परसबाग, रंगवलेल्या भिंतींच्या फोटोंनी तुडुंब भरलेत. रेकॉर्डिंग सुरू केलं की ‘जागा शिल्लक नाही’. आता पैसा घालायचा झाला तर मी कार्डं घेणार नाही. आधी अर्धा तास बसून प्रत्येकाचा फोन साफ करून देईन.

२४ ऑगस्ट

पहिली रेकॉर्डिंगं. ऐकण्यासारखं जवळपास काही नाही.

फोन टेबलावर ठेवला की टेबलाचा आवाज. पत्र्यावर पाऊस असला तर नुसता पाऊस. त्याच खोलीत चौथीचा पाढा चालू. एका रेकॉर्डिंगमध्ये दहा मिनिटं कुकरच्या शिट्ट्या आणि स्वयंपाकी ताईंचं फोनवरचं बोलणं. कॉलरला लावायचे वायरचे माइक दोनशेला मिळतात, ते दोन आणून बघितले. वायर पोरांच्या हातात अडकते, फळ्याकडे वळलं की सुटते.

पुरुषांचा प्रश्न शर्टाच्या खिशाने सुटला. फोन वरच्या खिशात, माइकची बाजू वर. साडीला खिसा नाही, पंजाबी ड्रेसलाही बहुतेक नसतोच. वडवणीच्या टेलरकडून उरल्या कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या: फोन उभा बसेल एवढी, वरचा भाग उघडा, गळ्यात अडकवायला नाडी. एक तीस रुपये. पहिल्या पिशव्यांची नाडी लांब झाली, फोन पोटावर लोंबायचा आणि फक्त बांगड्या ऐकू यायच्या. नाडी वीतभर आखूड केल्यावर बाईचा आवाज आणि पुढच्या दोन ओळींतली पोरं, दोन्ही स्वच्छ. या सगळ्या खटाटोपात सर्वांत फायद्याचा खर्च कोणता म्हणाल तर हा.

दुसरी अडचण भीतीची. ‘हे रेकॉर्डिंग साहेबांकडे जाणार का?’ तोंडी नाही म्हणून भागलं नाही. शेवटी नियमच केला. रेकॉर्डिंग कुणाला पाठवायचं नाही, मलाही नाही. ज्याचं त्याने ऐकायचं आणि पुसून टाकायचं. पोरांचेही आवाज त्यात असतात, त्यामुळे ते बाहेर फिरणं तसंही बरं नव्हतं. साधन व्यक्ती म्हणून माझ्याकडे दाखवायला पुरावा काहीच उरत नाही, हे केंद्रप्रमुख साहेबांना आधीच सांगून ठेवलं. ते म्हणाले, ‘बघा बाई, अहवालात काय लिहिणार मग?’

४ सप्टेंबर

पोळ्याच्या आदल्या दिवसापासून मराठवाडाभर अतिवृष्टी. ओढ्यांना पाणी, दोन शाळांकडे जाणारे रस्ते बंद, लाईट नाही. काम थांबलं. एवढीच नोंद.

१४ सप्टेंबर

आपलंच रेकॉर्डिंग एकट्याने ऐकायला कुणी तयार होत नाही. स्वतःचा आवाज नको वाटतो. म्हणून पाच-पाच जणांचे गट करून बोलायचं ठरवलं. व्हिडिओ मीटिंग एकदा करून बघितली: तिघे अडकलेले, एकाचा टीव्ही मागे चालू, उरलेले ‘आवाज येतोय का’ विचारताहेत.

साधा कॉन्फरन्स कॉल लावला. नेट लागत नाही, वेगळा खर्च नाही, लिंबाखालीसुद्धा लागतो. साध्या फोनवर लावणाऱ्यासह सहाच माणसं जोडता येतात. गट पाचाचा का, याचं उत्तर एवढंच आहे. त्यामागे शिक्षणशास्त्र नाही. पण पाच आकडा लाभला. पाचात कुणी गप्प बसला की लगेच कळतं.

करणाऱ्यांसाठी बारीकसारीक: ज्याने कॉल लावला त्याची रेंज गेली की सगळेच तुटतात, तेव्हा लावणाऱ्याने पक्क्या रेंजला बसावं, मी गच्चीवर बसते. ज्याला जोडायचं त्याला आधी मिस कॉल द्यायचा, नाहीतर एकाला जोडेपर्यंत दुसरा कंटाळून ठेवतो. माझ्या फोनमध्ये ‘मर्ज’चं (कॉल एकत्र जोडायचं) बटणच उमटत नव्हतं, ‘कॉल वेटिंग’ चालू केल्यावर उमटलं, यात एक अख्खी संध्याकाळ गेली. बायकांचे गट पावणेदहाला, पुरुषांचे साडेसातला. मिश्र गट करायचा होता, वेळच जुळेना.

आणि सगळ्यांत मोठं गाडं इथे अडलं: कॉल चालू असताना त्याच फोनवरचं रेकॉर्डिंग वाजवलं तर पलीकडे जातच नाही. दुसऱ्या फोनवर वाजवून तोंडाशी धरलं तर खरखर. म्हणून तात्पुरता उपाय म्हणून सांगितलं की रेकॉर्डिंगमधला एक प्रसंग निवडा आणि पाच ओळींत कागदावर उतरवून आणा. मी काय म्हणाले, पोरगं काय म्हणालं, जसंच्या तसं. सुधारायचं नाही. तोच कागद कॉलवर वाचायचा.

२८ सप्टेंबर

पाच ओळी उतरवायला रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकावं लागतं. नुसतं ऐकताना जे निसटतं ते लिहिताना निसटत नाही. तांड्यावरच्या त्याच बाईंचा कागद:

‘मी: दोनातून सात जातात का?
मुलं: नाही.
मी: मग काय करायचं? हातचा घ्यायचा. कुठून घ्यायचा? दशकातून.
मी: दशकातून एक घेतला, इथे किती झाले? बारा.
मी: समजलं का?’

वाचून झाल्यावर कॉलवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्याच म्हणाल्या, ‘यात पोरांचं एकच वाक्य आहे वो. तेबी नाही एवढंच.’ मला काही सांगावं लागलं नाही. दुसऱ्या एका मॅडमनी विचारलं, विचारल्यावर तुम्ही थांबलात किती? त्यांनी रेकॉर्डिंगवर मोजलं होतं: थांबल्याच नव्हत्या.

इथे मी थोडी माहिती घातली. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. व्हिडिओत घातली असती तर हीच गोष्ट पाठ होऊन विसरली गेली असती. पुढच्या आठवड्याचं काम आपोआप ठरलं: प्रश्न विचारा, मनात तीन आकडे मोजा, हाताची घडी घाला. घडी यासाठी, की हात मोकळा असला की खडू उचलला जातो.

या आठवड्यातली दुसरी घडामोड वेगळीच. २५ तारखेला राज्यभर शिक्षकांची सामूहिक रजा होती, आणि आंदोलनाचा भाग म्हणून आमच्याकडच्या शिक्षकांनी प्रशासकीय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडले. मी केलेला ग्रुपही प्रशासकीयच समजला गेला. बावीसपैकी चौघे उरले. आवाज, पानं, निरोप, सगळं त्यावरच. मला वाटलं, आटोपलं.

कॉल मात्र बंद पडले नाहीत. तीन गटांनी आपापसात नवे ग्रुप केले, त्यात मला घेतलं नाही, आणि कॉल त्यांच्यातलंच कुणीतरी लावू लागलं. नंतर कळलं की मी नसताना कागद जास्त खरे यायला लागले.

१९ ऑक्टोबर

१५ तारखेला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. मतदान २० नोव्हेंबरला. निवडणुकीची प्रशिक्षणं, त्यात दिवाळी. बीएलओ असलेले, म्हणजे मतदार यादीचं काम दिलेले, शिक्षक तर कुठेच दिसत नाहीत. एक गट तेवढा चालू आहे.

दिवाळी झाली की टोळ्या उसाला जातील. तांड्यावरच्या तिसरीत आज एकोणीस पोरं आहेत. हंगामी वसतिगृह चालू झालं तर काही राहतील, बाकीची पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर. सत्राच्या शेवटी पोरांची चाचणी घेऊन प्रशिक्षणाचा परिणाम दाखवायचा विचार होता. ज्या पोरांपासून सुरुवात केली तीच शेवटी वर्गात नसणार, तर तुलना कशाची करायची? डोंगरपट्ट्यात असं काही करणाऱ्याने आपलं मोजमाप जूनमध्ये सुरू करून दिवाळीआधी संपवावं.

३० नोव्हेंबर

परत सुरू. पाचपैकी तीन गट जिवंत. एक मोडला, कारण त्यातल्या दोघांच्या बदल्या. एक मोडला भांडणाने: एका सरांनी दुसऱ्याच्या कागदावरची गोष्ट शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत), नाव न घेता पण सगळ्यांना कळेल अशी, हसत सांगितली. ती माणसं पुन्हा कॉलवर आली नाहीत. मी दोन्हीकडे बोलून बघितलं. उपयोग झाला नाही.

चालू गटांपैकी एकात मला पाहुणी म्हणून जोडलं. एका वस्तीवरच्या सरांचा कागद, गणित ५३ - २८:

‘मी: आठ काड्या द्यायच्यात. सुट्या किती आहेत?
पूजा: तीन.
मी: आता? (थांबलो. लई वेळ वाटला. मोजला तर चार सेकंद.)
करण: बाजूवाल्याकडून घेऊ.
मी: बाजूवाल्याला लागतात त्याच्या. (थांबलो.)
पूजा: गठ्ठा सोडा की सर.’

(पोरांची नावं बदललीत.) करणच्या उत्तरावर कॉलवर पाऊण तास निघाला. एक म्हणाले, ते चूक आहे, तिथेच थांबवायला पाहिजे. दुसरे म्हणाले, चूक कसं, उसनं घेणं म्हणजे तेच तर, फक्त शेजारी चुकला. मग बाजूवाला म्हणजे दशकाचं घर, असं धरून पुढचा प्रश्न काय विचारता आला असता यावर सगळे लागले. गटातल्या एका वयस्कर गुरुजींनी नोकरीत असताना मुक्त विद्यापीठाचं बीएड केलंय. ते म्हणाले, ‘आमच्या संपर्क सत्रात तासापेक्षा चहाच्या सुट्टीत जास्त कळायचं. हे तसं चाललंय.’

एक वाद मिटला नाही. २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकापासून ‘पन्नास तीन’ म्हणायचं की ‘त्रेपन्न’ हा घोळ अजून वर्गावर्गात आहे. काड्यांसोबत ‘पन्नास तीन’ म्हटलं की गठ्ठे आणि सुट्या लगेच कळतात असं काही जणांनी रेकॉर्डिंगवरून दाखवलं. बाकीचे म्हणाले, बाजारात कोण म्हणतं तसं? दोन्ही बाजूंचे कागद माझ्याकडे आहेत.

२१ डिसेंबर

सात शाळांत तिसरीला पुन्हा चार वजाबाक्या दिल्या. चालू गटांतल्या शिक्षकांच्या वर्गांत वर-खाली न बघता मोठ्यातून लहान काढण्याची चूक स्पष्ट कमी झालीय. एका वर्गात अजिबात नाही झाली. तिथे बाई काड्या वापरतात आणि फळ्यावर आल्या की पुन्हा जुन्या बोलीवर जातात. काड्यांकडून आकड्यांकडे जाताना काय बोलायचं, हे आम्ही कॉलमध्ये घेतलंच नव्हतं. तो धागा पुढे घ्यायचा. उसाला गेलेल्या पोरांचं काहीच सांगता येत नाही, म्हणून टक्केवारी काढली नाही. केंद्रप्रमुखांनी मागितली, दिली नाही.

तिघींनी पूर्ण सोडून दिलंय. एकीने कारण सांगितलं: ‘रात्री पावणेदहाला पुन्हा शाळाच नको वाटते.’ याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि ते तिनेच शोधावं असंही नाही. हा वेळ कामाच्या तासांत धरला गेला पाहिजे. वरती दोनदा लिहून दिलंय.

११ जानेवारी २०२५

हिशोब: कार्डं ३३००, माइक ४००, स्टँड ५००, बावीस पिशव्या ६६०, झेरॉक्स आणि किरकोळ साधारण ६००. एकूण साडेपाच हजारांच्या आत, मित्रमंडळींकडून जमवलेले. यातले कार्डांचे, माइकचे आणि स्टँडचे पैसे वाचवता आले असते. पिशव्या आणि कागद एवढंच लागतं. पेट्रोल धरलेलं नाही.

वेळेचं म्हणाल तर जून ते ऑगस्ट व्हिडिओ, आवाज आणि फॉर्म यांत गेले. मी आता सुरू केलं तर पहिल्याच आठवड्यात पिशवी आणि पाच ओळी. आवाजाचे तुकडे फेकून देणार नाही. कॉलवर अडलेला प्रश्न निघाला की त्यावर चार मिनिटं बोलून पाठवायला ते चांगले. ज्याने मागितलंय तो ऐकतोच.

एक गाठ सुटलेली नाही. हे तास धोरणातल्या ५० तासांत कसे धरायचे? लिंक नाही, प्रमाणपत्र नाही, रेकॉर्डिंग पुसलेलं. गट साधन केंद्रात, म्हणजे तालुक्याच्या प्रशिक्षण कार्यालयात, विचारलं तर म्हणाले, उपस्थितीचा स्क्रीनशॉट जोडा. कॉन्फरन्स कॉलच्या स्क्रीनवर नुसतं ‘कॉन्फरन्स’ आणि मिनिटं दिसतात, नावं दिसत नाहीत. कागदांची फाइल दाखवायची तर शिक्षकांना दिलेला शब्द मोडतो. एका गटाने तोडगा सुचवलाय: कागदावरचं शाळेचं आणि पोरांचं नाव काढून, पाच जणांच्या सह्यांचं वेगळं पान लावून, फक्त तारखा आणि विषय द्यायचे. पुढच्या शिक्षण परिषदेत तो मांडणार आहे. तोपर्यंत भागाकाराचे कॉल सुरू झालेत. पहिला कागद ‘तेरा चिंचोके चौघांत’ असा आलाय, आणि उरलेल्या एकाचं काय करायचं यावर गट आत्ताच दोन बाजूंना गेलाय.